एका पुंगीतले दोन श्वास

टेबलावर तीन यंत्रं मांडून ठेवली होती आणि माझा नवरा त्यांच्याकडे असा बघत होता, जसा सासरी पहिल्यांदा जेवायला बसलेला जावई ताटाकडे बघतो. आधी हात कशाला घालावा, तेच त्यांना कळेना.

"घाई नाही काका, नीट बघा," व्यसनमुक्ती केंद्रातली डॉ. मगदूम म्हणाली.

घाई नाही कशी? घाई मला होती. माझ्या दोन्ही किडन्यांनी कधीच राजीनामा दिला होता. आठवड्यातून तीनदा मी डायलिसिसच्या खुर्चीत पडून असायचे आणि उरलेले दिवस त्या खुर्चीतून उठल्याचा शीण काढण्यात जायचे. शाळेतली विज्ञान शिकवायची नोकरी सुटली होती. यांची, म्हणजे भूपालची, किडनी मला जुळत होती, ते द्यायला एका पायावर तयार होते. अडलं होतं ते त्यांच्या बोटांमधल्या कांडीपाशी. मिरजेतल्या ज्या इस्पितळात आमचं नाव होतं, तिथल्या समितीचा नियम साफ होता. देणाऱ्याच्या अंगात निकोटीनचा अंशही नको, आणि तो नाही याची व्यसनमुक्ती केंद्राची खात्रीची नोंद हवी. तोंडी शपथा त्यांनी पुष्कळ ऐकल्या होत्या.

शपथांचं मला काही सांगू नका. हे दर चातुर्मासात मुनिमहाराजांपुढे नियम घ्यायचे, "सिगारेट विकत घेणार नाही." आणि नियम अगदी तंतोतंत पाळायचे. विकत यासीन घ्यायचा, हे ओढायचे.

यासीन मुजावर म्हणजे यांचा भागीदार. मार्केट यार्डाच्या मागे दोघांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. शेतकऱ्यांची विहिरीवरची जळालेली मोटर उघडायची, आतली तांब्याची तार काढून नवी भरायची, व्हार्निशमध्ये बुडवून वाळवायची. दुकानात थिनर आणि व्हार्निश, त्यामुळे आत काडी पेटवायची सोय नाही. मग दोघं समोरच्या गटारावरच्या फरशीवर जायचे आणि एका सिगारेटमध्ये दोघं भागवायचे. आमच्या लग्नाच्या आधीपासून हे असंच चालू होतं.

ई-सिगारेटवर इतकी वर्षं सरसकट बंदी होती. ती अलीकडे एवढीच सैल झाली होती, की ज्याला सिगारेट सोडायची आहे त्याला डॉक्टरने लिहून दिली तर मिळायची, तीही केंद्रातूनच. मौजेसाठी अजून बंदीच होती.

पहिलं यंत्र हुबेहूब सिगारेटसारखं होतं. पांढरी कांडी, ओढली की टोकाला लाल दिवा लागायचा. ते बघून यांचे डोळेच चमकले.

"हीच द्या की."

"पहिल्यांदा येणारे बहुतेक जण हीच उचलतात," डॉक्टर म्हणाली. "पण हाताची सवय आहे तशीच राहते. एखाद्या दिवशी चार्जिंग संपतं आणि त्याच बोटांत खरी सिगारेट येते."

दुसरं मुठीएवढं, पोटात काचेची टाकी. आंबा, पुदिना, मसाला पान असले स्वाद. ती काही बोलायच्या आत यांनी ते खोलून आतलं वेटोळं बाहेर काढलं होतं.

"त्रिशला, बघ की! नायक्रोमची तार हाय. नुसती तापती आणि रसाची वाफ करती. जळत काय न्हाई."

"यातलं निकोटीन किती ठेवायचं ते तुम्ही ठरवायचं," डॉक्टरने सांगितलं.

"मग हे नको," मी म्हटलं. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या."

उरलं तिसरं. करडं, अंगठ्याएवढं, ना दिवा, ना स्वाद. दिसायला अगदीच अरसिक, पण डॉक्टरने त्यातलं विज्ञान सांगितलं तेव्हा माझ्यातली बाई झोपलेली होती ती जागी झाली. शाळेतली बाई म्हणतेय मी.

सिगारेटचं गणित असं आहे. माणसाला पकडून ठेवतं ते निकोटीन, आणि मारतो तो मुख्यतः धूर. तंबाखू जळली की डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि हजारो भलतीसलती रसायनं छातीत जातात. निकोटीन मेंदूतल्या ठरावीक जागी जाऊन बसतं, तासा-दोन तासांत ओसरू लागतं, आणि मग त्या रिकाम्या जागा बोंब मारायला लागतात. तीच तलफ. हे तिसरं यंत्र धूर करत नव्हतं, नुसती वाफ द्यायचं. त्या वाफेतलं निकोटीन ते स्वतःच इतकं हळूहळू उतरवायचं, की मेंदूला पत्ता लागू नये. आमटीतलं मीठ रोज चार कणांनी कमी केलं तर घरातल्या कुणाला कळत नाही, तसं. किती उतरवायचं हे ते श्वासावरून ठरवायचं. झुरका घेतला की उच्छ्वास परत त्याच यंत्रात सोडायचा. आत बारीक संवेदक होते, ते त्या श्वासात काय काय आहे ते वाचायचे. कुणी चोरून खरी सिगारेट ओढली तर कार्बन मोनॉक्साइड लगेच चुगली करायचा. यंत्र उघडायचं ते फक्त मालकाच्या अंगठ्याने, आणि अंगठा काढला की बंद.

"आज आत किती हाय ते मला कळणार न्हाई?" यांनी विचारलं.

"नाही. आठवड्याला आकडे माझ्याकडे येतील. तुम्ही फक्त ओढायचं आणि सोडायचं."

यांनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं, माझ्याकडे बघितलं. "गाजराची पुंगी म्हणायची. वाजली तर वाजली."

"मोडून खायची सोय नाही हं," मी म्हटलं. "ही वाजलीच पाहिजे."

"वाजवतो," ते म्हणाले. या माणसाच्या तोंडून इतका सरळ शब्द मी फार वर्षांनी ऐकला होता. तेव्हापासून त्या यंत्राचं आमच्या घरातलं नाव पुंगीच पडलं.

सुरुवातीचे आठवडे बरे गेले. यांचा सकाळचा खोकला थांबला. वरणाला चव आहे असं एकदा आपणहून म्हणाले, तेव्हा मला क्षणभर भीतीच वाटली. चिडचिड वाढली होती, पण ती मी आनंदाने सोसत होते. समितीने ऑपरेशनची तारीख दिली. मी कॅलेंडर पालथं करून ठेवलं, कारण सारखं तिकडेच लक्ष जायचं.

मग एक दिवस डॉ. मगदूमने दोघांना बोलावून घेतलं. एरवी हसून बोलणारी पोरगी, त्या दिवशी काही हसली नाही.

"काका, निकोटीन उतरायला हवं होतं. यंत्राने ते वाढवलंय. म्हणजे त्याच्या हिशोबाने तुमची तलफ वाढतेय. आणि श्वासात कार्बन मोनॉक्साइड आहे. बाहेर ओढताय का? खरं सांगा."

"न्हाई," हे म्हणाले. "जिनेंद्राची शपथ."

डॉक्टरने ते लिहून घेतलं. घरी आल्यावर मी यांच्या शर्टांचे वास घेतले. धुराचा वास येत होता.

"हा वास कुठला?"

"यासीनचा. तो वढतोय की शेजारी बसून. मी काय करू?"

"माझ्या जिवापेक्षा ती कांडी मोठी झाली का हो तुम्हाला?"

यांचा चेहरा उतरला. ते उठून परड्यात जाऊन बसले. मी स्वयंपाक केला, वाढला, पण यांच्याशी बोलले नाही. पुढचे कितीतरी दिवस आमच्या घरात फक्त भांडी बोलत होती. आपला माणूस आपल्याला जगवण्यासाठीसुद्धा खोटं बोलणं सोडत नाही, हे मला फार लागलं. डायलिसिसच्या खुर्चीत पडल्यापडल्या मी त्यांना मनातल्या मनात काय काय बोलून घेतलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यावर आणखी एक घाव बसायचा होता. डॉक्टरचा पुन्हा फोन आला. यंत्राला श्वासात दुसरंच काही सापडलं होतं.

शरीरातली पेशी बिघडली की तिचा स्वयंपाक बदलतो. ती वेगळं खाते, वेगळा कचरा टाकते. त्या कचऱ्यातले काही रेणू रक्तातून फुप्फुसात येतात आणि श्वासाबरोबर बाहेर पडतात. माणसाच्या नाकाला त्यांचा वास येत नाही, पण या संवेदकांना येतो. रोग कोणता ते यंत्र सांगत नाही, फक्त दार वाजवतं आणि म्हणतं, छाती तपासून घ्या.

"स्कॅन होईपर्यंत काकांना दाता म्हणून थांबवावं लागेल," डॉक्टर म्हणाली.

माझा राग कुठल्या कुठे गेला. स्कॅनच्या खोलीबाहेर मी बसले होते आणि पहिल्यांदाच माझ्या किडनीचा विचार माझ्या मनात नव्हता. हे बाहेर आले तेव्हा मी त्यांचा हात धरला. चारचौघांत मी असं कधी करत नाही.

स्कॅन स्वच्छ निघाला. जुन्या धुराच्या खुणा होत्या, पण गाठ नाही, डाग नाही.

"मग संवेदकच बिघडला असणार," डॉक्टर म्हणाली. तिलाही हायसं वाटलेलं दिसत होतं. "तसं असेल तर कार्बन मोनॉक्साइडही त्याच बिघाडातला. मी तसं लिहिते, नवं यंत्र देते. रक्ताची तपासणी तेवढी नीट आली की झालं. तारीख हलणार नाही."

दुसऱ्या दिवशी डायलिसिस नव्हतं. मी खूप दिवसांनी उकडीची शेंगोळी केली, डबा भरला आणि रिक्षाने दुकानावर गेले. माफी मागायची होती. तोंडाने मागता आली नसती, म्हणून डब्यातून.

दोघं समोरच्या फरशीवर बसले होते. यासीन नुकताच मोटर व्हार्निशमधून काढून उठला असावा, दोन्ही हात कोपरापर्यंत चिकट. यांचे हात कोरडे होते. यांनी खिशातून पुंगी काढली, स्वतःचा अंगठा दाबून धरला, आपण एक झुरका घेतला, श्वास आत सोडला. आणि मग तसाच अंगठा दाबलेला ठेवून पुंगी यासीनच्या तोंडाला लावली. यासीनने ओढलं, आणि शिकवल्यासारखा गुणी बाळाप्रमाणे श्वास परत आत सोडला.

मी जागीच थांबले. यात नवं काहीच नव्हतं. ज्याचे हात भरलेले, त्याच्या तोंडाला दुसऱ्याने सिगारेट धरायची, ही त्या दुकानाची रीत मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघत होते. इतकी बघितली होती, की दिसायचीच बंद झाली होती.

हे खोटं बोलले नव्हते. यांनी खरंच एकही सिगारेट ओढली नव्हती. ओढत होता यासीन, आणि कार्बन मोनॉक्साइड त्याच्या श्वासातला होता. त्या बिचाऱ्या यंत्राने दोन माणसांना एक धरलं होतं आणि दोघांची मिळून तलफ भागवत बसलं होतं. मला इतका आनंद झाला की डबा हातातून पडता पडता वाचला.

आणि लगेच दुसरी गोष्ट कळली. मग ती दुसरी खूणही यासीनचीच होती.

"कधीपासून चाललंय हे?" मी विचारलं.

दोघं दचकले. "पहिल्या दिवसापास्नं," हे म्हणाले. "एकट्यानं कसं वढायचं गं त्याच्यासमोर? त्यो बघत बसणार, आणि मी वढणार?"

"आणि वहिनी, खरं सांगू का," यासीन हसत म्हणाला, "लई बेचव हाय हो तुमची पुंगी. दोस्तीखातर वढतोय."

मी फरशीवर बसले आणि दोघांना सगळं सांगितलं. यासीनचं हसू हळूहळू गेलं, पण मान काही हलेना.

"मला काय धाड भरलीया? परवाच तीन एचपीची मोटर एकट्यानं उचलून गाडीत ठेवली."

"मोटर उचलायचं विचारत नाही मी. उद्या स्कॅन करून घ्या."

यासीन अडाणी नाही. त्याने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

"स्कॅनमध्ये काय निघालं, तर डॉक्टर विचारणार, तुला कुणी सांगितलं? मग पुंगीचं बाहेर येणार. मग भूपालचं काय?"

उत्तर यांनाही माहीत होतं. यंत्रात दुसऱ्याचा श्वास गेला, तर यांची सगळी नोंद रद्द. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तारीख गेली.

"मग झालं तर," यासीन म्हणाला. "वहिनींचं हून जाऊ दे. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जातो स्कॅनला. अल्लाची कसम."

"तोवर ते थांबेल का?"

"कोण?"

"तुमच्या छातीत जे काही असेल ते."

"इतकी वर्षं थांबलंय, आनी थोडं थांबंल." आणि तो उठून आत गेला. शेंगोळ्यांचा डबा तसाच राहिला.

घरी आल्यावर यांनी मला विनवलं. हा माणूस विनवणाऱ्यातला नाही. "त्रिशला, हातात आलेली तारीख हाय. मी त्याला समजावतो, नंतर उचलून घेऊन जातो. तू काय बोलू नकोस." बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. त्या दिवसापासून यांचं जेवण अर्ध्यावर आलं.

मी तीन वेळा त्या खुर्चीत जाऊन आले आणि विचार करत राहिले. मला जगायचं होतं. हे सांगायला मला लाज वाटत नाही. मी संत नाही. मला शाळेत परत जायचं होतं, पोटभर पाणी प्यायचं होतं, मोजून दिलेल्या पेल्यातलं नाही. आणि यासीन माझ्या रक्ताचा कोण? मनात हेसुद्धा येऊन गेलं. पण याच यासीनला वाचायची संधी होती आणि तो माझ्यासाठी ती सोडून बसला होता. माझा नवरा आपली एक किडनी मला देणार होता, आणि वर आपला मित्रही. एवढं घेऊन मी जगले असते, पण यासीनला काही झालं असतं तर हा माणूस माझ्या शेजारी कसा जगला असता? मला किडनी हवी होती. तिच्यासोबत ते ओझं नको होतं.

चौथ्या वेळी सुया काढल्यावर मी घरी न जाता सरळ केंद्रात गेले.

"डॉक्टर, तुमचा संवेदक बिघडलेला नाही. त्यात दोन माणसं आहेत."

तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग आकडे काढून, संगणकाच्या पडद्यावर एकाआड एक झुरका वेगळा करून बघितला. पुसट झालेली अक्षरं उन्हात धरल्यावर दिसावीत तसे दोन श्वास वेगळे झाले. एक स्वच्छ, धुराचा मागमूस नसलेला. दुसऱ्यात धूर, आणि ती खूण.

"मॅडम," ती म्हणाली, "मला हे समितीला कळवावं लागेल. काकांचं सगळं पुन्हा पहिल्यापासून."

"माहीत आहे मला."

"तुमचे रिपोर्ट मी बघितलेत. तुमच्यापाशी फार वेळ नाहीये."

"त्याच्यापाशी माझ्यापेक्षा कमी असेल," मी म्हटलं. "तुम्ही फोन लावा."

यांना कळलं तेव्हा हे खूप ओरडले. "मला न विचारता? माझी किडनी, माझी पुंगी, माझा दोस्त, आणि तू एकटीच ठरवून मोकळी?"

"हो," मी म्हटलं. "तुम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसला होता. कुणीतरी ठरवायला हवं होतं."

ते पायांत चपला सरकवून बाहेर पडले. मला वाटलं, गेले टपरीवर. ते दुकानात गेले होते. यासीनने नंतर मला सगळं सांगितलं. यांनी शटर खाली ओढलं आणि म्हणाले, "तारीख गेली. आता थांबायला काय कारण उरलं न्हाई. गाडीवर बसतोस, का त्या मोटरीसारखा उचलून नेऊ?" यासीन बसला.

हरभऱ्याच्या डाळीएवढी गाठ निघाली. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला. तेवढा भाग कापून काढला. सर्जन म्हणाले, आणखी काही महिन्यांनी आला असतात तर कापायचंही कारण उरलं नसतं. यासीन घरी आला तेव्हा त्याला जिना चढताना दोनदा बसावं लागत होतं. पण तो बसून उठत होता.

इकडे यांनी पुन्हा शून्यातून सुरुवात केली. या वेळी टेबलावर बाकीची दोन यंत्रं मांडायचीसुद्धा डॉक्टरला गरज पडली नाही. यासीन दवाखान्यात, दुकानात हे एकटे. दुपारी बाहेर येऊन उभे राहायचे, दोन झुरके घ्यायचे आणि आत जायचे. फरशीवर बसायचे नाहीत.

"एकट्यानं वढाय काय मजा न्हाई गं," एकदा म्हणाले. मी म्हटलं, अशीच मजा जात राहू दे.

मी जे सोडलं होतं त्याची किंमत मला मोजावी लागली. डायलिसिससाठी हातात जोडलेली शीर गुठळी होऊन बंद पडली. मानेत नळी घातली. नळीतून जंतू गेले, ताप चढला. त्या तापात मला आठवतं, यासीनची बायको पायाशी बसून दुआ म्हणत होती आणि हे भिंतीला टेकून णमोकार पुटपुटत होते. दोघांचं मिळून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मला माझ्या शहाणपणाचा भयंकर रागही आला. चूक केली का मी, असं मी यांना एकदाच विचारलं.

हे म्हणाले, "आज खाली टपरीवर गेल्तो. मागितली. टपरीवाल्यानं दिली, लायटर पुढं केला."

"मग?"

"मग काय. त्याला म्हटलं, तुझी तुला ठेव. आनी वर आलो."

मी डोळे मिटून घेतले. ताप होता तरी त्या दिवशी झोप लागली.

ताप उतरला. दुसऱ्या हातात नवी शीर जोडली. यासीन हळूहळू दुकानात येऊन स्टुलावर बसायला लागला. त्याने स्वतःची पुंगी घेतली होती, त्याच्या अंगठ्याने उघडणारी. शेजारी बसून दोघं आपापली ओढायचे, आणि हात भरलेले असले तर धुऊन यायचे. मग एक दिवस डॉ. मगदूमने यांना बोलावलं आणि हसून सांगितलं की गेले कित्येक दिवस त्यांच्या यंत्रात निकोटीन नावालाही नव्हतं.

"म्हंजे मी नुसती वाफ पीत होतो?" यांना थोडा अपमानच वाटला.

"नुसती वाफ, काका. उद्यापासून तीही नको."

रक्त तपासलं, नोंद तपासली, समितीने खात्री करून घेतली. नवी तारीख आली. या वेळी मी कॅलेंडर पालथं केलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी आम्हाला वेगवेगळ्या दारांनी नेलं. जाताना हे म्हणाले, "घाबरू नकोस, माल चांगला हाय." मी म्हटलं, धूर लागलेला आहे, पण चालेल. नर्स आमच्याकडे बघतच राहिली.

शुद्ध आली तेव्हा मी काचेच्या खोलीत होते. आत कुणाला सोडत नाहीत. अंगात नळ्यांचं जाळं, घसा कोरडा, पोटाला टाके. मी नर्सला पहिला प्रश्न विचारला तो यांचाच. बरे आहेत, म्हणाली, पुरुषांच्या वॉर्डात, सारखं तुमचंच विचारतात. मग तिने पलंगाखालची पिशवी उचलून मला दाखवली. ती पिवळट पाण्याने भरली होती. दोन वर्षांत माझ्या अंगातून असं पाणी आलं नव्हतं. मी त्या पिशवीकडे बघून हमसून हमसून रडले. टाके दुखत होते तरी रडले.

काचेवर टकटक झाली. पलीकडे यासीन उभा होता, तोंडावर मास्क, भिंतीचा आधार घेतलेला. यांच्या वॉर्डातून माझ्यापर्यंत एक जिना होता. तो चढून आला होता, त्यामुळे बराच वेळ त्याला बोलताच येईना. नर्सने माझ्या कानाला फोन लावला.

"वहिनी," तो धापा टाकत म्हणाला, "भूपाल जीव खातोय नुसता. विचारून ये म्हणाला. काय सांगू त्याला?"

मी डोळे पुसले. मोटर भरून बसवल्यावर शेतकरी फोन करून या दोघांना जे सांगतात, आणि जे ऐकल्याशिवाय दोघंही जेवायला बसत नाहीत, तेच मी सांगितलं.

"म्हणावं, पाणी चढलं."

यासीन काचेला कपाळ टेकवून थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग वळला आणि कठड्याला धरून, एकेक पायरी, जमेल तेवढ्या घाईने खाली निघाला.